काळ्या पाषाणाचें बेट

(एक विद्यार्थी, इयत्ता १० वी)

सुटी संपून शाळा पुन्हां उघडली म्हणजे पहिल्या दिवशीं वर्गांत जो तो आपल्या प्रवासाच्या गोष्टी सांगूं लागतो. कोणी पंढरपुरास जाऊन आलेला असतो, कोणी औंढ्या नागनाथास, कोणी वेरुळास, तर कोणी मामाच्या मळ्यांतील विहिरींत मनसोक्त पोहून आलेला असतो. मला मात्र आजवर अशा वेळीं मुकाट्यानें ऐकत बसावें लागे. कारण आमची सुटी गांवीं कापूस वेंचण्यांतच जात असे. यंदा मजजवळही सांगण्यासारखें कांहीं आहे. परंतु हें निवळ प्रवासवर्णन आहे असें वाचकांनीं समजूं नये. यांत माझ्या हातून घडलेल्या एका अपराधाची कबुली आहे. आणि तो अपराध याच शाळेच्या आवारांत घडला असल्यामुळें त्याची कबुलीही शाळेच्या याच वार्षिकांत द्यावी, हें मला योग्य वाटतें.

आमच्या या प्रवासाचें बीज भूगोलाच्या तासाला पडलें. ज्वालामुखींचा धडा चालला होता. शिक्षकांनीं फळ्यावर चंद्रकोरीसारखी एक आकृति काढली आणि ग्रीस देशांतील सँटोरिनी बेटाची हकीकत सांगितली. या बेटाचें जुनें नांव थेरा. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० च्या आसपास तेथील ज्वालामुखीचा असा भयंकर स्फोट झाला कीं, बेटाचा मधला भाग खचून गेला व त्या खळग्यांत समुद्र शिरला. आज तेथें समुद्राच्या कांठाशीं कोठें कोठें ३०० मीटर उंचीचे कडे उभे आहेत आणि त्या कड्यांच्या माथ्यावर पांढऱ्याशुभ्र घरांचीं गांवें वसलीं आहेत. राखेखालीं गाडलें गेलेलें अक्रोतिरी नांवाचें नगर १९६७ पासून उकरून काढण्यांत आलें; त्याच्या भिंतींवरील चित्रांचे रंग साडेतीन हजार वर्षांनंतरही ताजे दिसतात. तेथील शेतकरी द्राक्षाचा वेल मांडवावर न चढवितां जमिनीवर टोपलीसारखा गोल वळवितात, म्हणजे सोसाट्याच्या वाऱ्यापासून त्याचें रक्षण होतें व पाऊस थोडा असला तरी दंवाचा ओलावा टिकून राहतो. जगांतील लोक मुलाबाळांसह सुटी घालविण्यास या बेटावर जातात. परंतु पृथ्वी तेथें अद्याप स्वस्थ नाहीं. २०२५ च्या फेब्रुवारींत भूकंपाचे धक्के सारखे बसूं लागल्यामुळें हजारों लोकांना बेट सोडून जावें लागलें होतें.

हें ऐकून मागच्या बांकावरून एक जण म्हणाला, "सर, असलें बेट आमच्या नशिबीं कोठलें!"

शिक्षक हंसले. ते म्हणाले, "ज्वालामुखीचा दगड पाहण्यास तुम्हांस ग्रीसला कशाला जावयास पाहिजे? तुम्ही त्यावरच बसलां आहांत." मग त्यांनीं समजावून सांगितलें कीं, सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनची भूमि भेगाळून तिच्यांतून शिलारस वाहूं लागला. तो एका शिखरांतून उसळला नाहीं, तर लांबच लांब भेगांतून पुरासारखा पसरला. एक थर थिजावा, त्यावर दुसरा यावा, असें होत होत हा काळा पाषाण तयार झाला. आजही सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्यानें व्यापलेला आहे. आपली काळी कसदार जमीन, जिच्यांत परभणीचा कापूस आणि ज्वारी पिकते, ती या पाषाणाचीच झिजून झालेली माती. जिंतूरजवळ नेमगिरीच्या टेकडींत जीं जैन लेणीं आहेत, तींही याच दगडांत कोरलेलीं. "आणि बेटच पाहिजे असेल," ते म्हणाले, "तर मुंबईजवळचें घारापुरी पाहा. तेंही याच पाषाणाचें आहे."

त्या दिवशीं घरीं जाऊन मीं हा हट्ट धरला. बाबांनीं एरव्हीं तो मनावर घेतला नसता. परंतु कल्याणला राहणारे माझे मामा कित्येक वर्षें आम्हां सर्वांना बोलावीत होते, आणि त्या वर्षीं कापसाचे पैसेही वेळेवर हातीं आले होते. आई, बाबा, धाकटी बहीण व मी, अशीं चौघें जाणार असें ठरलें. नंतर बाबा म्हणाले, "आबांनाही घेऊं. त्यांनीं समुद्र पाहिलेला नाहीं."

सर्वांना आनंद झाला. मी मात्र खालीं मान घालून गप्प बसलों. त्याचें कारण आतां सांगितलें पाहिजे.

माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणतों, विहिरी खोदणारे. १९७२ च्या दुष्काळांत ते सतरा वर्षांचे होते. तेव्हां सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडावयास ते गेले. तेथें सुकडी खाऊन दिवस काढले आणि तेथेंच त्यांच्या हातांत घण व पहार बसली. पुढें ते गुत्त्यानें विहिरी घेऊं लागले. जिंतूर तालुक्यांत त्यांनीं खोदलेल्या विहिरी किती, हें त्यांनाही नीट सांगतां येत नाहीं. दगडांत सुरुंग ठासून उडवितां उडवितां त्यांच्या कानांवर परिणाम झाला. आतां त्यांना फार कमी ऐकूं येतें. आणि स्वतःला ऐकूं येत नसल्यामुळें ते फार मोठ्यानें बोलतात. साधी विचारपूस केली तरी भांडण चाललें आहे असें परक्याला वाटावें. आजी वारल्यापासून ते काम कमी करतात, तथापि कोणाची विहीर चालूं असली म्हणजे तिच्या कांठावर जाऊन बसल्याशिवाय त्यांना चैन पडत नाहीं.

गेल्या वर्षीं आमच्या शाळेचें स्नेहसंमेलन होतें. पालक नवीं वस्त्रें लेवून आलेले, मंडपांत खुर्च्या मांडलेल्या, आणि मी दोन वर्गबंधूंसह फाटकाजवळ पाहुण्यांच्या स्वागतास उभा. इतक्यांत रस्त्यापलीकडून कोणी तरी माझें नांव घेऊन गर्जना केली. पाहतों तों आबा! शहराजवळच एका विहिरीचें काम पाहून ते परस्पर शाळेंत आले होते. धोतर गुडघ्यापर्यंत मुरमानें भरलेलें, पटका सुटलेला, हातांत फडक्याची पुरचुंडी. मंडपांतील निम्मे लोक वळून पाहूं लागले. माझ्या सोबत्यानें हळूच विचारलें, "कोण रे ते?"

मीं तितक्याच हळू आवाजांत उत्तर दिलें, "आमच्या शेतावरचे आहेत."

हे शब्द मीं उच्चारले. कोणी मला भाग पाडलें नव्हतें, कोणी हंसलेंही नव्हतें. आबा जवळ आले, त्यांनीं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पुरचुंडी माझ्या हातीं दिली. तींत आईनें धाडलेल्या दशम्या होत्या. आणि त्यांच्याखालीं एक गारगोटी होती. विहिरींत पाषाण फोडतांना कधीं कधीं पोकळी लागते व तिच्यांत पांढरे, चकचकीत, सुयांसारखे खडे सांपडतात. तसला तो मुठीएवढा सुंदर नग होता. आबा म्हणाले, "ही तुज्या मास्तरला दे. शाळंत ठेवतील. पोरं बघतील." नंतर, कार्यक्रमास थांबतां कां, असें मीं न विचारल्यामुळें, ते आल्या वाटेनें निघून गेले. ती गारगोटी मीं पेटीच्या तळाशीं कपड्यांखालीं ठेवून दिली. शिक्षकांना ती दिली असती तर ती कोणीं दिली हें सांगावें लागलें असतें.

आबांना ऐकूं येत नाहीं, म्हणून माझें बोलणें त्यांना कळलें नाहीं, असें समाधान मी मनाला वारंवार देत असें. पण त्या दिवसापासून त्यांच्यासमोर मला मोकळें बोलतां येईना.

असो. परभणीहून रात्रीच्या गाडीनें निघून आम्ही सकाळीं कल्याणला उतरलों. त्या दिवशीं सोमवार होता. आमच्या उत्साहावर मामांनीं पहिलेंच विरजण घातलें. घारापुरीचीं लेणीं सोमवारीं बंद असतात, हें आम्हांपैकीं कोणासच माहीत नव्हतें. त्यामुळें तो दिवस मामांच्या घरीं गेला व मंगळवारीं आम्ही 'गेट वे ऑफ इंडिया'पाशीं पोहोंचलों. ही कमान १९११ सालीं इंग्लंडचा राजा पांचवा जॉर्ज येथें उतरला त्याची आठवण म्हणून बांधूं लागले व १९२४ सालीं ती पुरी झाली. समुद्र पाहून धाकटी बहीण टाळ्या पिटूं लागली. आबांनीं मात्र समुद्राकडे एकवार पाहिलें आणि ते कमानीच्या दगडाकडे वळले. "पिवळा हाय, पर जात काळ्याचीच हाय," असा त्यांनीं मोठ्यानें अभिप्राय दिला. चार लोकांनीं वळून पाहिलें. मी दोन पावलें पुढें सरकलों.

येथून घारापुरी सुमारें १० किलोमीटर आहे व नौकेला तासभर लागतो. १८ डिसेंबर २०२४ रोजीं याच मार्गावर नौदलाची एक वेगवान बोट प्रवासी नौकेवर आदळून कित्येक जीव गेले, हें मामांच्या घरीं ऐकल्यापासून आईनें देवाचा धांवा चालविला होता. नौकेंत चढतांच आम्हांस नारिंगी रंगाचीं रक्षक जाकिटें मिळालीं. पटका, धोतर व त्यावर जाकीट अशा वेषांत आबा नौकेच्या कडेला बसले. मागें मुंबईच्या इमारती लहान होत गेल्या. मोठमोठीं मालवाहू जहाजें जवळून गेलीं. पाणपक्षी नौकेबरोबर उडूं लागले. आणि समोर दोन टेकड्यांचें एक हिरवें बेट हळूहळू पाण्यांतून वर आलें.

घारापुरी हें बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यांत मोडतें. तेथें शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर अशीं तीन गांवें आहेत. मुंबईचे दिवे रोज रात्रीं समोर लखलखत असतांना या गांवांत मात्र पूर्ण वेळ वीज नव्हती. २०१८ च्या फेब्रुवारींत समुद्राच्या तळाशीं सुमारें साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकून ती आणण्यांत आली. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत झुकझुक करीत जाणारी लहानशी आगगाडी आहे. पुढें सुमारें १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंस टोप्या, माळा व दगडी मूर्ति विकणारीं दुकानें. मधूनच माकडें येतात आणि हातांतील खाऊ बिनदिक्कत ओढून नेतात. आमच्या बहिणीचें मक्याचें कणीस असेंच गेलें व तिचें रडें थांबवितां थांबवितां आईची दमछाक झाली.

पोर्तुगीज लोक येथें आले तेव्हां त्यांना बंदराजवळ दगडाचा एक प्रचंड हत्ती दिसला, म्हणून त्यांनीं या बेटास 'एलिफंटा' हें नांव दिलें. १८६४ सालीं तो हत्ती विलायतेस नेण्याचा प्रयत्न झाला. परंतु उचलतांना यारी मोडली व हत्तीचे तुकडे झाले. पुढें ते सांधण्यांत आले आणि तो हत्ती आज भायखळ्यास, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत उभा आहे. मामांनीं ही हकीकत आबांच्या कानाशीं ओरडून सांगितली, तेव्हां आबा तात्काळ म्हणाले, "साखळी बघितली नसंल! ओझं उचलायच्या आधी साखळी हातानं चाचपून बघावी लागती. हिरीवर आमी रोज बघत हुतो. साखळी तुटली तर खाली मानूस असतो."

मुख्य लेण्याच्या तोंडाशीं आम्ही आलों. येथील मूर्तींना हात लावूं देत नाहींत, व तें योग्यच आहे. परंतु प्रवेशद्वाराबाहेर कोऱ्या खडकाची एक कड उन्हांत होती. आबांनीं वहाणा काढल्या, त्या खडकावर आपला तळहात सपाट ठेवला आणि कांहीं वेळ तसेच उभे राहिले. मग बाबांना हांक मारून ते म्हणाले, "अरं, हा तर आपल्याच हिरीचा दगड हाय!"

आंत शिरल्यावर उन्हानें दिपलेल्या डोळ्यांस प्रथम अंधारच दिसतो. मग एकेक खांब प्रकट होऊं लागतो. जाड, घडीव, माथ्यावर उशीसारखा फुगीर भाग असलेले ते खांब रांगेनें दूरवर गेले आहेत. लेणें पुढून मागपर्यंत सुमारें ३९ मीटर खोल आहे. एका बाजूस चार दारांचा शिवलिंगाचा गाभारा असून प्रत्येक दारापाशीं भव्य द्वारपाल उभे आहेत. आणि समोर, पाठीमागच्या भिंतींत, तें जगप्रसिद्ध त्रिमुख शिल्प. त्याची उंची सुमारें ६ मीटर आहे. एक मुख उग्र, एक कोमल, आणि मधलें इतकें शांत कीं, त्याच्यासमोर आलेला मनुष्य आपोआप हळू बोलूं लागतो. हीं लेणीं सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलीं गेलीं असें विद्वान् मानतात. १९८७ सालीं त्यांचा जागतिक वारशांत समावेश झाला. कित्येक मूर्तींचे हातपाय तुटले आहेत. तरीही जें उरलें आहे तें पाहून मन भरून येतें.

हळू बोलण्याचा नियम अर्थातच आबांना लागू नव्हता. त्यांचा आवाज त्या पाषाणी मंडपांत असा घुमला कीं, मला जागच्या जागीं गडप व्हावेंसें वाटलें. एका महाविद्यालयाची सहल तेथें आलेली होती आणि बेटावरचेच एक वाटाडे त्यांना माहिती देत होते. ते थांबले. सर्व मुलें आबांकडे पाहूं लागलीं.

आबांचें त्यांच्याकडे लक्षच नव्हतें. ते छताकडे पाहून बाबांना सांगत होते, "आधी वरचं काढलं, मग खाली आले. हिरीसारखंच. छत आधी सारखं केल्याबिगर खालचा दगड काढला तर वरून कवा काय पडंल याचा नेम न्हाई. ह्ये खांब मागून बसवलेले न्हाईत. तेवढा दगड सोडून बाकीचा काढला." मग त्यांनीं खांबापासून भिंतीपर्यंत गेलेली एक बारीक रेघ बोटानें दाखविली. "ही शीर बघ. दगडाला अशी शीर असती. पावसाचं पानी हिच्यातूनच मुरतं. आमी पानी पायजे म्हनून शीर हुडकतो. ह्येंनी मूर्त टिकावी म्हनून शीर चुकवली असंल." त्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी जन्मभर विसरणार नाहीं. "ह्येंच्याजवळ सुरुंग नव्हता. नुसती छिन्नी आन् हातोडा. आमच्या हिरीत एक घाव चुकला तर दोन टोपली दगड जास्त निघतो. हितं एक घाव चुकला तर देवाचं नाकच गेलं असतं. काढलेला दगड परत लावता येत न्हाई, पोरा."

वाटाड्या जवळ आला होता. त्यानें नम्रपणें मोठ्यानें विचारलें, "आजोबा, आपण मूर्तिकार आहांत काय?"

"न्हाई," आबा म्हणाले. "मी हिरी खोदतो."

कोणीही हंसलें नाहीं. उलट त्या विद्यार्थ्यांतील एका मुलीनें वही काढली व विचारलें, "आजोबा, शीर म्हणजे काय, तें पुन्हां सांगाल?" आबांना प्रश्न ऐकूं आला नाहीं. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें, कारण मी त्यांच्या सर्वांत जवळ उभा होतों. मुलीनें मग मलाच विचारलें, "हे तुमचे कोण?"

वाचकहो, तोच प्रश्न दुसऱ्यांदा माझ्यापुढें आला होता! मीं उत्तर दिलें, "हे माझे आजोबा." आणि प्रश्न त्यांच्या कानाशीं ओरडून सांगितला. माझाही आवाज त्या मंडपांत घुमला. पण आतां त्याची लाज वाटली नाहीं. पुढें जवळजवळ अर्धा तास विद्यार्थी विचारीत होते, मी ओरडून सांगत होतों आणि आबा उत्तरें देत होते. वरची काळी माती, तिच्याखालीं मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा कठीण पाषाण. दोन थरांच्या सांध्यांत कधीं लागणारा तांबडा पट्टा. पाणी नेमकें कोठें पाझरतें. हें सर्व त्यांनीं सांगितलें. भूगोलाच्या पुस्तकांत जें मीं परीक्षेपुरतें पाठ केलें होतें, तें या मनुष्यानें पन्नास वर्षें हातांनीं वाचलें होतें. एक थर थिजून त्यावर दुसरा येईपर्यंत मध्यें जो काळ जातो, त्यांत वरचा भाग झिजून त्याची तांबडी माती बनते, असें आमच्या शिक्षकांनीं सांगितलें होतें. आबांना तो काळ ठाऊक नव्हता; पण तो पट्टा लागला म्हणजे विहिरीची बाजू ढांसळते व माणसें वर घ्यावीं लागतात, हें ठाऊक होतें.

निघण्यापूर्वीं आबा गंगाधराच्या शिल्पापुढें बराच वेळ थांबले. स्वर्गांतून कोसळणारी गंगा शंकर आपल्या जटेंत झेलतो, असा तो प्रसंग आहे. बाहेर लेण्याच्या बाजूस खडकांत कोरलेलें पाण्याचें टाकेंही त्यांनीं वाकून पाहिलें. चहूंकडे खारें पाणी असलेल्या या बेटावर ज्यांनीं देव कोरले त्यांनीं प्यावयाच्या पाण्याची सोयही त्याच छिन्नीनें केली होती. "शहाणी मानसं," एवढेंच आबा म्हणाले.

परतीच्या नौकेंत मी त्यांच्या शेजारीं बसलों. सूर्य कलला होता. वर्षभर मनांत सलणारी गोष्ट आतां सांगून टाकावी असें मीं ठरविलें. परंतु अडचण अशी कीं, नौकेच्या यंत्राचा आवाज मोठा आणि आबांचे कान असे. हळू सांगणें शक्यच नव्हतें. ज्या मनुष्याला मीं कुजबुजून नाकारलें होतें, त्याची क्षमा मला पन्नास उतारूंसमोर ओरडून मागावी लागली. "आबा, स्नेहसंमेलनाच्या दिवशीं तुम्ही आलां होतां, तेव्हां मीं माझ्या मित्राला सांगितलें कीं, तुम्ही आमच्या शेतावरचे आहांत!"

आई व बाबा चकित होऊन माझ्याकडे पाहूं लागले. आबांनीं समुद्रावरची नजर काढली नाहीं. कांहीं वेळानें ते म्हणाले, "ते मला तवाच कळलं हुतं."

"पण तुम्हांला ऐकूं तर येत नाहीं!"

"हिरीच्या तळाला मशिन चालतं तवा कुनाला ऐकू येतं? वरचा मानूस काय म्हनतो ते त्याच्या व्हटावरूनच बघावं लागतं. न्हाई बघितलं तर दगड डोक्यात." मग ते किंचित् हंसले. "आन् शेतावरचा म्हनालास, त्यात खोटं काय? शेतावरचाच हाय मी." माझ्या डोळ्यांस पाणी आलें. तें त्यांनीं पाहिलें किंवा नाहीं, सांगवत नाहीं, कारण लगेच त्यांनीं विचारलें, "ती गारगोटी दिलीस का मास्तरला?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हतें. दुसरा कोणताही शब्द मला इतका लागला नसता. त्यांना स्वतःच्या अपमानाची आठवण नव्हती. शाळेंतील मुलांनीं पाहावी म्हणून दिलेली वस्तु मुलांपर्यंत पोहोंचली कीं नाहीं, एवढीच त्यांना काळजी होती.

परत येतांना आम्ही सकाळच्या गाडीनें आलों. कसाऱ्याच्या घाटांत डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. शिलारसाचा एकेक पूर येऊन थिजला, त्या या पायऱ्या. आबा खिडकीशीं बसून त्या बोटानें मोजीत होते व मीही त्यांच्याबरोबर मोजीत होतों. सँटोरिनीचें बेट मला पाहावयास मिळेल किंवा नाहीं, कोण जाणे. मिळालें तर आनंदच आहे. परंतु तेथें गेलों तरी प्रथम कड्याच्या दगडावर तळहात ठेवून पाहीन, आणि तो कोणत्या जातीचा आहे हें आबांना येऊन सांगेन.

शाळा उघडल्यावर पहिल्याच दिवशीं मीं पेटीच्या तळची गारगोटी काढून भूगोलाच्या शिक्षकांना दिली व सर्व हकीकत सांगितली. शिलारस थिजतांना त्यांतील वायूचे बुडबुडे आंत अडकून राहतात, त्यांच्या पोकळ्या होतात, आणि पुढें हजारों वर्षें पाझरणाऱ्या पाण्यांतील क्षार सांठून त्या पोकळ्यांत असे स्फटिक वाढतात, असें त्यांनीं वर्गाला समजावून दिलें. आतां ती गारगोटी भूगोलाच्या खोलींतील कपाटांत आहे. ज्या पालकांना व विद्यार्थ्यांना पाहावयाची असेल त्यांनीं अवश्य पाहावी. तिच्याखालीं चिठ्ठी लावण्याचें काम शिक्षकांनीं मलाच सांगितलें. मीं लिहिलें आहे: 'गारगोटी. जिंतूर तालुका. विहीर खोदतांना सात परस खोलीवर सांपडली. खोदणारे, माझे आजोबा.'